कॉलेजची चौकशी चालू असली तरी १८० दिवस थांबत नाहीत

ठाण्याच्या एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबातून आईचं पत्र आलंय. मुलगी इथे अमेरिकेत, पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एम.एस. करते. १४ सप्टेंबरच्या रात्री तिच्या खोलीच्या चौकटीवरचा मेझुझा (ज्यू घरांच्या दारावर लावतात ती धर्मवचनांची डबी) कुणीतरी उचकटून नेला. तो पणजोबांच्या रेवदंड्याच्या घरातला होता. ९ नोव्हेंबरला प्रयोगशाळेत एक वर्गमित्र टीचिंग असिस्टंटसमोर तिला म्हणाला, ‘हिटलरने काम अर्धवट सोडलं.’ मुलीने डीनच्या कार्यालयात तोंडी सांगितलं, ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं आणि मायलेकी थांबल्या. आता एप्रिल लागल्यावर आई विचारतात, कोर्टात जायचं का?

ताई, ऑक्टोबर २०२३पासून, म्हणजे गाझातलं युद्ध सुरू झाल्यापासून, अशी पत्रं सारखी येतात आणि बहुतेकांत हीच चूक असते. कोर्टाचं नंतर बघू. आधी कॅलेंडर काढा.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय, ज्याला सगळे ओसीआर म्हणतात, तिथे तक्रार भेदभावाच्या घटनेपासून १८० दिवसांत पोचावी लागते. दिवस कॅलेंडरचे मोजतात, सुट्ट्या वजा होत नाहीत. मेझुझाच्या घटनेचे १८० दिवस १३ मार्चला संपले. प्रयोगशाळेतल्या घटनेचे ८ मेला संपतील. तुमच्या हातात आता ही एकच तारीख पक्की आहे.

‘कॉलेज चौकशी करतंय’ म्हणून हे दिवस थांबत नाहीत. कॉलेजच्या अंतर्गत तक्रारीचा निकाल लागल्यावर ६० दिवसांत ओसीआरकडे गेल्यास मुदतीत सूट मिळू शकते. पण ती मागावी लागते आणि मुळात रीतसर तक्रार झालेली असावी लागते. डीनच्या खोलीत पाच मिनिटं बोलून आलेली मुलगी त्यात बसेल का, याची खात्री मी देणार नाही. एक ईमेल त्याच दिवशी टाकला असता तर हा प्रश्नच आला नसता. शिकल्यासवरल्या घरांतही हे का होतं, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून ८ मेची वाट न बघता याच आठवड्यात अर्ज भरा. तो ऑनलाइन आहे, फी नाही, वकील लागत नाही. नोव्हेंबरची घटना मुख्य ठेवा आणि मेझुझा त्याच छळाचा आधीचा भाग म्हणून लिहा. तो धरतील की नाही हे सांगता येत नाही, पण न लिहिलेलं नक्कीच धरणार नाहीत.

शब्दही जपून वापरा. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ आहे, धर्म नाही. ‘धर्मावरून त्रास दिला’ एवढंच लिहिलंत तर कारकून फाइल मिटू शकतो. ज्यूंना संरक्षण मिळतं ते समान वंशपरंपरेच्या आधारावर. तेव्हा मुलीची वंशपरंपरा, कोकणातलं मूळ, आडनावातलं ‘कर’ सगळं लिहा. ‘तू भारतीय, तू कसली ज्यू’ असंही तिला ऐकवतात असं तुम्ही लिहिलंय, तेही घाला.

आता पुरावा. मुलीने उचकटलेल्या चौकटीचा फोटो पुसून टाकला, वसतिगृहाने दुसऱ्या दिवशी चौकटीची भोकं बुजवून रंग मारला. पण तिने त्या रात्री फोटो तुम्हाला पाठवला होता, म्हणजे तो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे! दोन स्क्रूंची भोकं, सोललेला रंग, खाली पडलेला प्लास्टरचा चुरा, सगळं दिसतं म्हणता. तो कापू नका, उजळवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका. त्या दिवसाचं आख्खं संभाषण एक्स्पोर्ट करा. तिने रात्री ९:४०ला पाठवलेला फोटो तुमच्या फोनवर १५ तारखेच्या सकाळी ७:१०चा दिसेल. तारीख का वेगळी दिसते हे अर्जात एका ओळीत सांगून टाका.

तुमच्या पाच ईमेलना कॉलेजने उत्तर दिलं नाही म्हणून चिडू नका. मुलगी सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय ते तुमच्याशी तिच्याबद्दल बोलू शकत नाहीत. अर्जही तिनेच भरावा, किंवा तुम्ही भरलात तर तिची लेखी संमती जोडा. तक्रार केली म्हणून तिला त्रास देणं हाही वेगळा कायदाभंग ठरतो, हे तिला नीट सांगा. पण वैतागून ती सेमिस्टर सोडायचं म्हणतेय, ते मात्र थांबवा. एफ-१वर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या पूर्वमंजुरीशिवाय विषय सोडले तर व्हिसाच अडचणीत येतो.

कॅम्पसवरच्या मोर्चांबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत. ती अर्जात नकोत. इस्रायल सरकारविरोधी घोषणांना कोर्टं बऱ्याचदा अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणून संरक्षण देतात. ज्यू विद्यार्थ्यांचा एमआयटी विद्यापीठाविरुद्धचा असाच दावा अपील कोर्टानेही ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळला. उलट ऑगस्ट २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध ज्यू विद्यार्थ्यांना मनाई हुकूम मिळाला, कारण तिथे आंदोलकांनी त्यांची वाटच अडवली होती. तुमच्या मुलीच्या दाराची चौकट आणि तिच्या तोंडावर बोललेलं वाक्य मोर्च्यात मिसळू देऊ नका.

कोर्टाची मुदत राज्याराज्यात वेगळी असते, बहुधा दोन-तीन वर्षं, त्यामुळे ती घाई नाही. पण २०२२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर या कायद्याखाली मनस्तापाची भरपाई मिळत नाही, हे ध्यानात ठेवून वकील गाठा.

ओसीआरकडून लवकर उत्तराची आशा धरू नका. २०२५च्या मार्चमध्ये त्यांच्या बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयांना टाळं लावण्याचं जाहीर झालं. फाइल कितीही दिवस पडून राहो, दाखल केल्याची तारीख ८ मेच्या आतली असली पाहिजे. अर्ज पाठवल्यावर पोच येईल, ती मुलीने आणि तुम्ही, दोघींनी जपून ठेवा. डीनलाही आजच एक ईमेल जाऊ दे: कुठल्या तारखेला, कुणाशी, काय बोलणं झालं, एवढंच.