चार माणसांच्या वन बीएचकेमध्ये घर मोकळं आणि शांत कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचकेमध्ये चार माणसं, सासूबाईंना काही टाकवत नाही, आणि तुम्हाला इन्स्टाग्रामवर दिसतं तसं पांढरं-बदामी, शांत घर हवंय. आधी एकच सांगते, त्या फोटोंसाठी काही विकत आणू नका. वेताच्या टोपल्या, एकसारख्या काचेच्या बरण्या, लाकडी ट्रे... पसारा आहे तेवढाच राहतो, वर त्याला मॅचिंग पसारा येतो.

नमुनाच बघायचा तर वर्ध्याजवळ सेवाग्रामची बापू कुटी बघून या. गांधीजी त्या गावात १९३६ साली राहायला गेले. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, सारवलेली जमीन, बसायची बैठक, पुढ्यात बुटकं मेज. पण भिंतीही नीट बघा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी त्यांवर मातीतच उठावाची ताडाची झाडं आणि चरखा काढलाय. इतक्या कमी सामानातही ती खोली ओकीबोकी वाटत नाही, ती त्यामुळे. तेव्हा आजेसासूबाईंचा पितळी डबा किंवा मुलाने काढलेलं चित्र 'मिनिमल दिसत नाही' म्हणून काढू नका.

घरात सुरुवात जमिनीपासून करा. तांदळाची गोणी, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, दारामागच्या पिशव्या, सगळं फरशीवरून उचला. केरसुणी कुठेही न थांबता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे. एवढ्यानेच खोली मोठी वाटायला लागते.

मग माळा. हे खरं काम, त्याला सुट्टीचा दिवस काढा. मिक्सरचं रिकामं खोकं, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले लेमन सेट, श्रीखंडाचे धुऊन ठेवलेले डबे, झाकण हरवलेला कुकर, आणि कुणाच्या तरी बारशात आलेला, पुढे कुणाला तरी द्यायचा म्हणून ठेवलेला डिनर सेट! इथे सासूबाईंशी 'टाकू या' हा शब्दच काढायचा नाही. 'कुणाला देऊ या?' असं विचारा, नावं त्या स्वतःच सुचवतील. जुन्या सुती साड्या गोधडीला द्या, पितळेची भांडी मोडीत घाला, बाकी कपडे बोहारणीला. त्यांची ट्रंक मात्र तुमच्या हिशेबात धरू नका, ती त्यांची आहे.

उजेडाकडे कुणी बघत नाही, पण फरक मोठा पडतो. आपल्याकडे बहुतेक घरांत पांढरीफेक ६५०० केल्विनची ट्यूब असते, रात्री दहालासुद्धा ऑफिसात बसल्यासारखं वाटतं. हॉलमध्ये संध्याकाळसाठी पिवळसर दिवा लावा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर; खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर पांढराच राहू दे, नाहीतर तो पुस्तकावरच झोपेल.