खेळघरात नवीन लागलेल्या ताईसाठी

पहिल्याच आठवड्यात तू पोरांना खेळ शिकवायला धावशील. मीही धावले होते. नको धावू. पोट्टे दिवसभर बाकावर बसून येतात. आधी माठातलं पाणी, मूठभर फुटाणे दे, मग मोकळं सोड. आट्यापाट्यांच्या रेघा त्यांनाच मारू दे. वाकड्या मारतील, त्यावरून भांडतील. मनात वीसपर्यंत मोज, बहुतेक वेळा तोवर मिटतं. दगड उचलला तरच मध्ये पड.

महागडी खेळणी मागत बसू नको. तुराट्या, पोती, फुटकं टोपलं दिलं की तासाभरात झोपडी उभी राहते. फक्त तुराट्यांचा ढीग आधी काठीनं हलव. विंचू असतो, गंमत नाही.

दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत आया लवकर वावरात जातात. सकाळी सातलाच पोरं दारात, काही उपाशी. तेव्हा खेळ नंतर, भाकर आधी.

आणि वही. एकदा ‘काका न्यायला आले’ एवढ्यावर मी पोरगं सोडलं. होते काकाच, पण आई तासभर गाव पालथं घालत होती. तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून वहीत सही घेतल्याशिवाय पोरगं सोडत नाही, आजोबा असले तरी.