द्राक्षाला जीए दिला की मणी का फुगतो?

वेलीत स्वतःचं जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) असताना घड जीएत, म्हणजे बाहेरून आणलेल्या जिबरेलिनच्या द्रावणात, का बुडवतात, आणि ते जास्त झालं तर वेल आवरते कशी, असं तुम्ही विचारलंय. आमची निफाड तालुक्यात बाग आहे आणि माझं एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालंय, म्हणून लिहितो.

आमचे काका जीएला 'वेलीचं टॉनिक' म्हणतात. तसं नाही. टॉनिक काहीतरी पुरवतं, जीए फक्त अडसर काढतो. पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं वाढ रोखून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की ते जीआयडी१ या ग्राहक प्रथिनाच्या खाचेत बसतं, वरून झाकण मिटतं आणि ही जोडी डेलाला धरते. मग डेलावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा शिक्का बसतो आणि पेशीतली प्रोटिओसोम नावाची यंत्रणा त्याचे तुकडे करते. अडसर गेला, पेशी लांबते. (हा ग्राहक जपानी संशोधकांना भातात सापडला, २००५ साली.)

थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षजातीत बी धरतं पण लवकरच खुरटतं. मण्याला जिबरेलिन मिळतं ते मुख्यतः बियांतून, म्हणून ती उणीव आपण बुडवून भरून काढतो.

आता आवरण्याचं. जिबरेलिन बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू ठेवायला डेलाच मदत करतं. त्यामुळे डेला संपलं की नवं जिबरेलिन बनणं आपोआप मंदावतं. शिवाय जीए २-ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असलेलं जिबरेलिन निकामी करतं. खरी मेख इथेच आहे. बाजारात मिळतो तो जीए३ या प्रकारचा. हे एन्झाइम रेणूवर जिथे काम करतं, नेमक्या त्या जागी जीए३ मध्ये दुहेरी बंध असतो, त्यामुळे या एन्झाइमची मात्रा त्याच्यावर चालत नाही. वेल स्वतःचं जिबरेलिन आवरेल, तुम्ही दिलेलं सहजासहजी नाही. एका वर्षी आम्ही हात सैल सोडला, तर घडाचे देठ काडीसारखे कडक झाले.

खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात नव्या काड्या तयार करण्यासाठी करतात ती) तर उलटंच हवं असतं. सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी, म्हणजे डोळ्यात पुढचा घड तयार होताना, जिबरेलिन वरचढ झालं तर घडाऐवजी बाळी (आधाराला विळखा घालणारा तंतू) येते. म्हणून तेव्हा लिहोसिन हे वाढ रोखणारं औषध मारतात, ते जिबरेलिन बनणंच अडवतं. जिबरेलिनला दाद न देणारं डेला असलेली एक बुटकी वेल २००२ मध्ये अभ्यासली गेली, तिला बाळ्यांच्या जागी घड लागत होते!

आम्ही आता पोपटी अवस्थेतला (घड कोवळा, पोपटी रंगाचा असतानाचा) पहिला जीए १० पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) वर नेत नाही.