जर्सीवर ‘फिजिओ’ छापू का?

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय 22. बारावी कॉमर्स करून आता पिग्मी गोळा करतो. गुडघ्यामुळे माझी कबड्डी सुटली, पण मंडळाच्या संघाबरोबर सगळीकडे जातो. पोरांचे मुरगळलेले पाय, भरलेली उसण, मुका मार, सगळं मीच बघतो. हाताला गुण आहे म्हणतात. सहा महिन्यांचा कोर्स करून नीट उपचार शिकावेत असं वाटतं. यंदा नव्या जर्सीवर माझ्या नावाखाली ‘फिजिओ’ छापणार आहेत. छापू का?

उत्तर : छापू नकोस. रागावला नसशील तर पुढचं वाच.

फिजिओथेरपीच्या पदवीला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, वर आपल्याकडे ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेचे गुण. कॉमर्सवरून ती वाट नाही. विज्ञान घेऊन पुन्हा बारावी द्यायची आणि इंटर्नशिप धरून पुढची चार-पाच वर्षं घालायची तयारी असेल, तर 22 हे काही म्हातारपण नव्हे. सहा महिन्यांत मालीश सुधारेल, टेप बांधता येईल. दुखणं ओळखायला मात्र तेवढे दिवस पुरत नाहीत. मला तर पदवी हातात असूनही पुरले नव्हते.

इंटर्नशिप नुकतीच संपलेली, रात्रीचे सामने. एका चढाईपटूचा पाय मध्यरेषेजवळ आत वळला. घोट्याची बाहेरची बाजू सुजली, मी तिथला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दाबला, पोरगं कळवळलं, झालं माझं निदान. घट्ट टेप मारून त्याला पुढच्या डावात उतरवलं. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत करंगळीमागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलेलं निघालं. पाय आत वळला की तिथे जोडलेला स्नायू कधी कधी हाडाचा तुकडाच ओढून काढतो. हे मला परीक्षेत येत होतं. मैदानावर मात्र बोट चार अंगुळं खाली नेलं नाही.

म्हणून कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेले नियम तूही पाठ कर, त्याला पदवी लागत नाही. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत अंगठ्याने दाबत जा. मग करंगळीमागच्या हाडाचा मागचा उंचवटा. मग आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावरचं हाड. यात कुठेही हाडावरच दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर गाडी काढायची आणि एक्स-रे करायचा. लंगडत टाकली तरी ती पावलं धरायची. हे नियम मोठ्यांवर तपासून बसवलेत. शाळकरी पोरांत शंका आली तरी न्यायचं.

आता तुझ्या गुणी हाताबद्दल. पकडीत समोरच्याचा गुडघा मांडीत बसतो, मुका मार लागतो, आणि रात्री तू गरम तेल घेऊन बसत असशील. ते आजपासून बंद. आत स्नायू फाटून रक्त साकळलेलं असतं. पहिल्या काही दिवसांत तिथे जोरात रगडलं तर रक्तस्राव वाढतो, आणि कधी कधी त्या स्नायूत चक्क हाड तयार होतं. असली मांडी मी हाताळली आहे, बोटाखाली खडा लागतो. त्या पोराचा गुडघा कित्येक महिने पूर्ण वाकत नव्हता. त्यापेक्षा गुडघा सोसेल तेवढा वाकवून ठेव, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लाव, इलॅस्टिक पट्टी बांध. शेक आणि तेल पुढे, तेही फिजिओला विचारून. थंड फवारा कातडी बधिर करतो, आतलं काही जोडत नाही. तरी टीव्हीवर तो मारताना बघून प्रत्येक मंडळाला हवा असतो!

गुडघ्याचं वेगळंच. पाय रोवलेला असताना अंग फिरलं, आत ‘खट्’ झालं आणि तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तर सांध्यात रक्त उतरलंय असं समज. बऱ्याचदा आतला एसीएल हा लिगामेंट तुटलेला असतो. आम्ही तो तपासतो तेव्हा गुडघा 20-30 अंश वाकवून नडगी पुढे ओढतो. ती किती सरकते आणि शेवटी ठाम अडते की नाही, ते बघतो. आधी चांगला गुडघा, मग दुखरा. प्रत्येकाचा गुडघा मुळातच कमी-जास्त सैल असतो, हे कळायला वर्गातल्या सगळ्यांचे धडधाकट गुडघे ओढून झाले होते. व्हिडिओ बघून तू हे करू नयेस.

तुझ्याकडे जे आहे ते मला कधीच मिळालं नाही. तुला पोरं खरं सांगतात. माझ्यासमोर ‘काही दुखत नाही मॅडम’ म्हणणारा मागे जाऊन तुझ्याच खांद्यावर भार टाकतो. तेव्हा रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घे, एका वहीत तारीख, पोराचं नाव, पाय कसा वळला ते लिहीत जा, आणि मिरज-सांगलीतला एक फिजिओ गाठून ती वही त्याला दाखवत जा. जर्सीवर ‘प्रथमोपचार’ छाप. मालिशीचे पैसे घे, त्यात लाज कसली.

आणि तुझा गुडघा कुणी तपासला, ते पत्रात कुठेच नाही. जिना उतरताना सटकतो का? पिग्मीसाठी दिवसभर मोटरसायकलवर चढउतार करतोस, तेव्हा आधी तोच ऑर्थोपेडिककडे ने.