चेनसॉ रेस दिली की बंद पडतो, एच स्क्रू कसू का?

नका कसू भो, आधी ऐका. तुम्ही लिहिलंय की ५८ सीसीचं मशीन आयडलला (रेस न देता) नीट चालतं पण रेस दिली की भक् करून बसतं आणि कोणीतरी सांगितलं एच (कार्ब्युरेटरवरचा फुल रेसच्या पेट्रोलचा स्क्रू, कसला की पेट्रोल कमी, सोडला की जास्त) कसला की पिकअप येतो. मी चोपड्याकडचा शेतकरी, बांधावरच्या बाभळी आणि निंबाच्या फांद्या असल्याच मशीननं तोडतो आणि हाच उद्योग करून एक पिस्टन घालवलाय.

मे महिन्यात सेटिंग केली होती, पारा ४५ च्या आसपास, हवा एकदम विरळ, त्यात मशीन जड वाटलं म्हणून एच कसला. आवाज कडक आला, मी खूष. मग डिसेंबरात गव्हाला पाणी भरायच्या दिवसांत थंडगार सकाळी तेच मशीन तसंच चालवलं. थंड हवा घट्ट असते, म्हणजे हवा जास्त अन् पेट्रोल तेवढंच. टू स्ट्रोकला ऑईल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल कमी पडलं की ऑईलपण कमी. अर्ध्या खोडात मशीन जाम. मफलर (सायलेन्सर) काढून भोकातून टॉर्च मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे खोल.

तुमची तक्रार बहुतेक एल स्क्रूची (कमी रेसच्या पेट्रोलचा स्क्रू) आहे, आयडलवरून रेस उचलताना तोच कामाला येतो. पण त्याआधी एअर फिल्टर धुवा, टाकीतला पेट्रोल फिल्टर बघा, मिक्चर (पेट्रोल अन् ऑईलचं) ताजं करा. फिल्टर चोंदलेला असताना सेटिंग केली ना, तर फिल्टर साफ केल्यावर हवा वाढते आणि पेट्रोल कमी पडायला लागतं, हे फार जण विसरतात.

मग एल आणि एच दोन्ही हलक्या हातानं पूर्ण बंद करा (जोर लावला तर सुईची बैठक खराब होते) आणि एकेक आटा सोडा, मशीनच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर तेच धरा. मशीन चार-पाच मिनिटं गरम होऊ द्या. आता एल हळूहळू फिरवत आयडल जिथं सगळ्यात जास्त चढतं तिथं थांबा आणि तिथून पाव आट्याच्या आत उलटा सोडा. रेस द्या, लगेच उचललं तर झालं, भक् केलं तर अजून जरासा सोडा, धूर काढून गुरगुरलं तर थोडा कसा. शेवटी आयडलचा स्क्रू (तिसरा, आयडलचा वेग ठरवणारा) असा लावा की आयडलला चेन अजिबात फिरणार नाही.

एचसाठी कान लागतो. लोड नसताना फुल रेस तीन-चार सेकंदच द्या, आवाज जरा अडखळत फरफर यायला पाहिजे आणि लाकडात घातलं की साफ व्हायला पाहिजे. लोड नसतानाच शिट्टीसारखा सलग कडक आवाज आला तर लगेच एच सोडा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या सेटिंगपेक्षा एच किंचित जास्तच सोडावा लागतो. ते पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका, कार्ब्युरेटरमधला डायफ्राम (पातळ लवचीक पडदा) कडक होतो आणि मग कुठलाच स्क्रू ऐकत नाही.

एवढं करूनही बसत असेल तर प्लग काढून त्याचा रंग इथं लिहा, काळा ओला की पांढरट, मग पुढचं सांगतो.