वाचकांचे प्रश्न: मुंबईच्या वातावरण आराखड्याचं पुढे काय झालं?

मागच्या अंकात मुंबई वातावरण कृती आराखड्यावर, म्हणजे शहराचा कार्बन कमी करायला आणि पूर-उन्हाला तोंड द्यायला पालिकेने केलेल्या आराखड्यावर, आम्ही जेमतेम चार ओळी छापल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

ताई, 2022 मध्ये मोठा कार्यक्रम करून आराखडा आला, 2050 पर्यंत मुंबई नेट झिरो होणार म्हणाले. काम झालं का काही, की कागद कपाटात गेला?
— निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

काका, कपाटात गेलेला नाही, पण तुम्हाला वाटतं तेवढं कामही झालेलं नाहीये. आधी आकडे सांगते कारण आकडे डोक्यात असले की पुढचं सगळं कळतं. आराखडा 13 मार्च 2022 ला आला, त्यात हिशोब 2019 सालचा धरलाय. त्या वर्षी मुंबईने जवळपास 2 कोटी 34 लाख टन कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि त्याच मापात मोजलेले मिथेनसारखे वायू) हवेत सोडला, म्हणजे माणशी साधारण 1.8 टन. यातला 70 टक्क्यांहून जास्त वीज आणि इंधनाचा, म्हणजे घरं, दुकानं, ऑफिसं यांचा, साधारण 20 टक्के गाड्यांचा आणि उरलेला कचऱ्याचा. ठरवलं असं की 2030 पर्यंत 30 टक्के कमी, 2040 पर्यंत 44 टक्के आणि 2050 ला नेट झिरो, म्हणजे जेवढा सोडू तेवढा शोषला जाईल अशी अवस्था. देशाने 2070 धरलंय, मुंबईने त्याच्या 20 वर्षं आधीचं.

झालं काय, तर व्यवस्था उभी राहिली. पालिकेत पर्यावरणासोबत वातावरण बदलाचा विभाग झाला, आणि जून 2024 मध्ये पहिलं क्लायमेट बजेट आलं, जगात ओस्लो, लंडन, न्यूयॉर्कनंतर मुंबईचंच. हे मी मनापासून चांगलं मानते. यात प्रत्येक खात्याच्या खर्चातला किती पैसा वातावरण बदलाच्या कामाशी जोडलेला आहे ते वेगळं काढून दाखवतात. 2024-25 ला भांडवली खर्चातले 10,224 कोटी म्हणजे सुमारे 32 टक्के असे दाखवले गेले. पण यातली मोठी रक्कम पाणी, नाले आणि मलनिस्सारण यांची आहे, वरळी, धारावी, वांद्रे वगैरे सात ठिकाणची सांडपाणी केंद्रं त्यात येतात. ही कामं हवीच आहेत, ती आराखडा नसता तरी करावीच लागली असती, त्यामुळे 32 टक्के बघून हुरळून जाऊ नका. आणि एक गोष्ट मला फार लागते, आराखडा यायच्या सहाच दिवस आधी, 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं पालिकेत निवडून आलेलं कुणी नव्हतंच. सभागृहात उभं राहून "माझ्या वॉर्डात काय केलंत" असं विचारणारं माणूसच नव्हतं अशा काळात हा आराखडा चालला.

एवढा मोठा वाटा विजेचा आहे तर पालिका करणार काय? वीज तर ती बनवत नाही ना?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, दादर

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. पण तू ज्या दादरला राहतोस तिथे वीज कोण देतं बघ, बेस्ट. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला बेस्टची वीज आहे आणि बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम, म्हणजे शहर भागात बेस्टने कुठली वीज घ्यायची यावर पालिकेला बोलता येतं. उपनगरात मात्र अदानी, टाटा आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण.

दुसरं म्हणजे तारा. मुंबई बराच काळ ट्रॉम्बे आणि डहाणूच्या, मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या केंद्रांच्या विजेवर टिकून राहिली त्यामागे एक साधं कारण होतं, बाहेरून वीज आत आणायला पुरेशा लाइनच नव्हत्या. 12 ऑक्टोबर 2020 ला सगळी मुंबई बंद पडली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, तेव्हा हे सगळ्यांना कळलं. 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची लाइन सुरू झाली. ही लाइन पालिकेच्या कुठल्या पोस्टरवर दिसणार नाही पण माझ्या मते शहरात स्वच्छ वीज येण्यासाठी गेल्या काही वर्षांत झालेलं हे सगळ्यात कामाचं काम आहे, कारण वाऱ्याची आणि सूर्याची वीज बाहेरच तयार होते, ती आत यायला दार तर पाहिजे.

पालिकेच्या स्वतःच्या हातातलं बघायचं तर मध्य वैतरणा धरणावर तरंगते सोलार आणि जलविद्युत मिळून 100 मेगावॉटचा प्रकल्प ठरलाय. आणि याच्या बरोबर उलट दिशेने जाणारं म्हणजे मनोरीचा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प, रोज 20 कोटी लिटर. हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते, म्हणजे रोजचे 6 ते 8 लाख युनिट फक्त याला. आपलं तलावांचं पाणी शंभर शंभर किलोमीटरवरून बरंचसं उतारानेच येतं, भातसाचं तेवढं पिसे-पांजरापूरला पंपाने उचलावं लागतं. पाऊस उशिरा आला तर शहराला दुसरी सोय हवी हे मान्यच आहे, पण मनोरीला लागणारी वीज कोळशाची असणार की सोलारची हे टेंडरमध्येच लिहून घ्यायला हवं.

आमच्या सोसायटीत सोलारचा विषय तीन मीटिंगमध्ये निघाला आणि तिन्ही वेळा गच्ची गळेल म्हणून बारगळला. काय करावं?
— सोसायटीच्या सेक्रेटरी, मुलुंड

सेक्रेटरीबाई, आमच्याकडे हेच झालं होतं त्यामुळे अनुभवाचं सांगते. गळण्याची भीती खोटी नाहीये. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये ठेकेदाराने स्टँडचे बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकले आणि पहिल्याच पावसात सातव्या मजल्यावरच्या दोन घरांच्या छताला ओल आली, पापुद्रे पडायला लागले. आम्ही म्हणून आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि स्टँड सिमेंटच्या जड ठोकळ्यांवर बसवले, स्लॅबला एकही भोक नाही. हे कोटेशनमध्ये लिहून मागा, तोंडी नको. वाऱ्याला टिकेल ना याचं इंजिनीअरचं सर्टिफिकेटही मागा, गच्ची उंचावर असते.

हिशोब असा की 1 किलोवॉटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, जून ते सप्टेंबर कमी. आमच्याकडे 20 किलोवॉट बसले, म्हणजे दिवसाला 80 युनिटच्या आसपास, त्यात लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे म्हणजे कॉमन मीटरचं बरंचसं निघून जातं. फेब्रुवारी 2024 ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे, मीटिंगमध्ये पहिल्यांदा हाच कागद फिरवा. आणि मीटिंगच्या आधी गच्चीवर सकाळी 10, दुपारी 12 आणि 3 वाजता पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते त्याचे फोटो काढून ठेवा, आमच्याकडे अर्धा वाद तिथेच मिटला.

डबल डेकर इलेक्ट्रिक बसचे फोटो सगळीकडे, आणि आम्ही स्टॉपवर 40 मिनिटं उभे. याला प्रगती म्हणायची?
— नर्स, सायन

नाही म्हणायची. फेब्रुवारी 2023 मध्ये एसी डबल डेकर रस्त्यावर आली, छान गाडी आहे, धूर नाही, आवाज नाही. सगळ्या बस इलेक्ट्रिक करायच्या, त्यासाठी 2027 चं वर्ष धरलं होतं. पण बेस्टकडे एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, त्या तीन हजारांच्या खाली आल्या. जुन्या गाड्या वय झालं म्हणून निघाल्या, भाड्याच्या गाड्यांचे काही ठेकेदार मध्येच सोडून गेले आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्या वेळेवर आल्या नाहीत. वर मे 2025 मध्ये कमीत कमी तिकीट 5 वरून 10 झालं आणि एसीचं 6 वरून 12. आता तुमच्यासारखी रात्रपाळी करून आलेली बाई 40 मिनिटं थांबून शेवटी शेअर रिक्षा नाहीतर टॅक्सी धरणार, मुलगा स्कूटर घेणार, आणि कार्बन वाढणार तो इथेच वाढणार. गाड्या विजेवर असण्याआधी त्या असायला हव्यात. दुसरीकडे कोस्टल रोडला 13 हजार कोटींच्या वर पैसे गेले, आता तो रस्ता उत्तरेला भाईंदरपर्यंत नेताना खारफुटी तोडावी लागणार आहे, आणि हेच शहर त्याच खारफुटीला आराखड्यात पुराची ढाल म्हणतं. हे मला पटत नाही आणि मी ते लिहीत राहणार.

हिंदमाताला पाणी तुंबणं खरंच कमी झालंय का?
— दुकानदार, परळ

तुम्ही तिथे रोज असता, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. कमी झालंय, पाणी भरतं पण लवकर उतरतं. कारण सांगते. मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढेच होते, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. त्यानंतर नाल्यांची क्षमता 50 पर्यंत नेण्याचं आणि पंपिंग स्टेशनचं काम जोरात निघालं, हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही सहा झाली, मोगरा आणि माहुल मात्र वर्षानुवर्षं रखडली. हिंदमाताची अडचण वेगळी, ती बशीसारखी खोलगट जागा आहे आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. म्हणून दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, पाणी त्यात ओढून ठेवायचं आणि ओहोटीला सोडायचं. उपाय हुशारीचा आहे. पण 26 मे 2025 ला पाऊस 1950 नंतर सगळ्यात लवकर मुंबईत दाखल झाला, नालेसफाई पूर्ण व्हायची होती, आणि वरळीच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. नालेसफाईची मुदत 31 मे धरून चालायचे दिवस गेले, ती आता एप्रिलच्या शेवटी संपली पाहिजे.

कचऱ्याचा वाटा थोडासाच आहे ना, मग ओला-सुका वेगळा करून असा काय फरक पडतो?
— गृहिणी, घाटकोपर

पडतो, आणि लवकर पडतो. ओला कचरा डम्पिंगवर दाबला गेला की त्यातून मिथेन निघतो, तो पहिल्या 20 वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय, 2016 च्या जानेवारीत तिथली आग आणि धूर तुम्ही घाटकोपरला अनुभवला असेलच. आता बहुतेक कचरा कांजूरच्या डम्पिंगला जातो. तुमचं ओलं खत झालं तर तेवढा मिथेन होतच नाही, त्यासाठी ना नवी लाइन लागते ना 2050 पर्यंत थांबावं लागतं. मात्र तुम्ही वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र टाकला जात असेल तर त्या गाडीचा फोटो आणि वेळ टाकून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या.

आम्ही टेकडीवर पत्र्याच्या घरात राहतो. वातावरणाचं एवढं बोलतात, आमच्यासाठी त्यात काय आहे?
— घरकाम करणारी ताई, भांडुप

ताई, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला कारण याला मला जास्त जागा हवी होती. गेल्या मे महिन्यात मी तुमच्याच बाजूला एका घरी दुपारी तीनला बसले होते. पत्रा डोक्यापासून दोन हातांवर, पंखा चालू पण तो गरमच हवा खाली ढकलत होता, बाळाला ओल्या साडीच्या झोळीत घातलं होतं आणि त्याची आजी दर दहा मिनिटांनी झोळीवर पाणी शिंपडत होती. पाणी सकाळी दीड तास येतं, त्यातलंच ते. सोबत नेलेला थर्मामीटर आत 41 दाखवत होता आणि बाहेर पिंपळाखाली 35.

आराखड्यात तुमचं घर आहे. पत्र्याच्या वस्त्या आसपासच्या इमारतींपेक्षा जास्त तापतात हे त्यात स्पष्ट लिहिलंय, टेकडीवरच्या दरडींचा धोकाही आहे. पण 10 हजार कोटींच्या क्लायमेट बजेटमध्ये तुमच्या पत्र्यापर्यंत पोचेल असं फार थोडं आहे. अहमदाबादने 2013 मध्येच उन्हाचा आराखडा केला, तिथे पत्र्यांना आणि गच्च्यांना पांढरा रंग देण्याचं काम वस्त्यांमध्ये झालं. हे महाग नाही. चुन्याचा किंवा खास पांढरा रंग दिला तर आतलं तापमान दोन-चार अंशांनी उतरतं, आणि बाळाला ते दोन-चार अंश खूप असतात.

मार्चमध्येच बचत गटातल्या बायकांनी मिळून वॉर्ड ऑफिसला पत्र द्या, दोनच मागण्या लिहा, पत्र्यांना पांढरा रंग आणि एप्रिल-मे मध्ये दुपारचं अर्धा तास जास्तीचं पाणी. "मुंबई वातावरण कृती आराखडा" हे नाव पत्रात वरच लिहा म्हणजे हे आमचं खातं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. पत्राचा मजकूर मी लिहून ठेवलाय, अंकाच्या पत्त्यावर कुणाला तरी पाठवा, नाहीतर मीच तिकडे येऊन देते.