वर्गाचे नियम कोणी करायचे?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास या सदरात नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या तासाबद्दल दर वर्षी पत्रं येतात. यंदा शिक्षकांबरोबर एका आईनं आणि एका विद्यार्थ्यानंही लिहिलं आहे.

प्रश्न : बाई, सातवी-आठवीला नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र हा विषय मला पहिल्यांदाच मिळाला आहे. वर्गातल्या अपेक्षा आणि नियम यांचा कागद पहिल्या आठवड्यात मुलांना द्यायचा आहे. मी एकवीस नियम लिहून काढलेत. मुलांना विचारून नियम करावेत असंही वाचलं होतं, पण तसं केलं तर वर्ग हातचा जाईल अशी भीती वाटते. काय करू?
— एक नवीन शिक्षिका

उत्तर : एकवीस नियम तुमच्या स्वतःच्याही लक्षात राहणार नाहीत. लक्षात न राहिलेला नियम फक्त आपला पारा चढलेल्या दिवशी आठवतो, आणि मुलांना ते बरोबर कळतं. गणिताच्या तासाला असं झालं तर गणित काही बदलत नाही. आपल्या तासाला मात्र पुस्तकात ‘कायद्यापुढे सर्व समान’ हा धडा असतो आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला कालच्याच चुकीसाठी वेगळी शिक्षा झालेली असते. मूल त्यातलं काय खरं धरणार, हे सांगायला नको. म्हणून तुमचा तो कागद हाच वर्षाचा पहिला धडा आहे, असं समजून तो लिहा.

मी त्या कागदाचे दोन भाग करते. पहिल्या भागातल्या गोष्टींवर मतदान होत नाही. कुणाला इजा होईल असं काही करायचं नाही. रूपावरून, धर्मावरून, घरच्या परिस्थितीवरून कुणाची टिंगल करायची नाही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून द्यायचं नाही. “बाई, सगळ्या वर्गानं हात वर केला तरी नाही का बदलणार?” असं कुणीतरी विचारतंच, आणि त्या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. बहुमतानंही एकट्या माणसाचा सन्मान काढून घेता येऊ नये, म्हणूनच राज्यघटनांमध्ये काही हक्क बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवलेले असतात. हे सांगण्यासाठी याहून चांगली वेळ वर्षभरात सापडत नाही.

दुसरा भाग वर्गानं ठरवायचा. बोलायची पाळी, फोन कुठे ठेवायचा, गटकामाची वाटणी, उशिरा आलेल्या कामाचं काय, हे सगळं त्यात. इथे मला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा मोठा आधार वाटतो. 2009 साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, जपानमधली गावांची सामाईक जंगलं, स्पेनमधले पाटबंधारे यांचा अभ्यास त्यांनी मांडला. सामाईक गोष्ट म्हटली की प्रत्येक जण ती ओरबाडणार आणि ती संपणार, असं तोवर अनेक जण धरून चालत. पण काही ठिकाणी लोकांनी ती शतकानुशतकं नीट राखली होती. तिथे नियम ठरवताना वापरणाऱ्यांचं म्हणणं घेतलं जाई, नियम पाळले जातात की नाही यावर लक्ष असे, पहिल्या चुकीला शिक्षा हलकी आणि पुढे वाढत जाणारी असे, आणि भांडण लवकर मिटवायची सोय जवळच असे.

तासाची पंचेचाळीस मिनिटंही अशीच सामाईक असतात. गप्पा मारणाऱ्याला मजा मिळते, वेळ मात्र सगळ्यांचा जातो. तेव्हा ऑस्ट्रॉमबाईंच्या या चार गोष्टी फळ्यावर लिहा आणि वर्गाला कामाला लावा.

वर्ग हातचा जाईल ही भीती सोडा. माझा अनुभव असा, की मुलं आपल्यापेक्षा कडक शिक्षा सुचवतात. फोन दिसला तर आठवडाभर वर्गाबाहेर, असं सहज म्हणतात. मग मी विचारते, “उद्या तुझाच फोन वाजला तर?” लगेच आठवडा एका तासावर येतो. नियम करणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला असू हे माहीत नसलं की नियम बरा होतो, हे त्यांना तिथल्या तिथे समजतं.

ठरलेले नियम भिंतीवर लावा. रोममध्ये इसवी सनपूर्व 450 च्या आसपास बारा पाट्यांवर कायदे लिहून चौकात मांडले गेले, ते सामान्यांनी मागणी लावून धरल्यामुळे. तोवर कायदा काय आहे हे ठरवणं उच्चकुलीन न्यायाधीशांच्या तोंडी होतं. भिंतीवरच्या त्या कागदावर तुमच्याही जबाबदाऱ्या लिहा: तपासलेल्या वह्या आठवड्याच्या आत परत मिळतील, गुण का कापले ते लिहिलेलं असेल, कुणाबद्दल तक्रार आली तर आधी त्याची बाजू ऐकली जाईल. शेवटी नियम बदलायची रीतही ठरवा. माझ्याकडे महिनाअखेरीला दोन तृतीयांश मतांनी दुसऱ्या भागातला नियम बदलता येतो. बदललेला नियम मागच्या गोष्टींना लागू होत नाही. कृती केली तेव्हा जो गुन्हाच नव्हता त्यासाठी कुणाला दोषी धरता येणार नाही, हे 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अकराव्या कलमात आहे. मुलांना ते कलम वाचून दाखवा. आपल्या वर्गात ते लागू आहे याचा त्यांना अभिमान वाटतो.

प्रश्न : माझ्या मुलीचा अर्थशास्त्राचा प्रकल्प एक दिवस उशिरा गेला म्हणून दहा गुण कापले. पुढचा प्रकल्प आजारपणात राहून गेला, त्याला शून्य दिलं. शिस्त हवी हे मला मान्य आहे. पण हे मनाला पटत नाही. माझं चुकतंय का?
— आठवीतल्या मुलीची आई

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही. आधी शून्याचा हिशेब पाहू. चार कामांत 80-80 गुण आणि पाचव्यात शून्य, की सरासरी 64. तिला विषय किती समजलाय ते या 64 वरून कळत नाही. गुण समज मोजण्यासाठी असतात. वेळेच्या सवयीची नोंद प्रगतिपुस्तकात वेगळ्या रकान्यात करता येते. राहिलेल्या कामासमोर मी ‘अपूर्ण’ लिहिते आणि ते पूर्ण करून घेते. आजारपणात मुदत आपोआप वाढायलाच हवी.

आता उशिरासाठी गुण कापण्याबद्दल. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांनी छोटा दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाईंना थांबावं लागतं याचा संकोच पालकांना होता. दंड आल्यावर उशिराचा भाव ठरला, आणि भाव दिला की संकोच संपला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही.

दिवसाला दहा गुण हाही भावच. हुशार मुलं हिशेब करतात, “दहा गेले तरी नव्वद राहतात.” आणि ज्या घरात अभ्यासाला जागा नाही, धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं, तिथल्या मुलांना तोच भाव पुन्हा पुन्हा भरावा लागतो.

माझ्या वर्गात प्रत्येकाला एका सत्रात दोन सवलतचिठ्ठ्या मिळतात. एक चिठ्ठी दिली की दोन दिवसांची मुदत, कारण विचारलं जात नाही. त्यांतून टंचाई आणि निवड हा धडा आपोआप होतो. आज वापरली तर परीक्षेच्या आठवड्यात हाती राहणार नाही, हे बाराव्या वर्षी नीट कळतं. चिठ्ठ्या उरल्या तर त्याचे जादा गुण मी देत नाही, नाहीतर निवांत घरातल्या मुलांनाच पुन्हा फायदा. एकदा मुलांनी विचारलं, “बाई, चिठ्ठी विकता येईल का?” त्या दिवशी ठरलेला धडा मी बाजूला ठेवला. देणारा राजी, घेणारा राजी, मग अडचण काय, असं एका गटाचं म्हणणं. एक मुलगी उठून म्हणाली, “मग मतही विकता येईल.” तिथून आम्ही गुप्त मतदानावर आलो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी 1856 मध्ये छापील मतपत्रिकेची गुप्त पद्धत आणली. मत गुप्त झालं की विकत घेणाऱ्याला दिलेल्या पैशांचा माल मिळाला की नाही हे तपासता येत नाही, त्यामुळे हा बाजार बसतो. वर्गानं मतदान करून चिठ्ठ्यांची विक्री बंद ठेवली. मी एक शब्दही सुचवला नव्हता.

तुम्ही शाळेत भेटायला जाल तेव्हा दहा गुणांसाठी भांडू नका. “उशीर आणि आजारपण याबद्दलचा नियम लेखी मिळेल का?” एवढंच विचारा. लेखी नियम करायला बसलं की शिक्षकांनाही त्यातल्या खाचा दिसतात.

प्रश्न : आमच्या वर्गातल्या दोघांनी खडू फेकले. सरांनी सगळ्या वर्गाचा खेळाचा तास बंद केला. हे न्यायाचं आहे का?
— इयत्ता सातवी

उत्तर : नाही रे बाळा. ज्यानं काही केलं नाही त्याला शिक्षा नको, हे तत्त्व इतकं मोलाचं आहे की युद्धकाळातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी 1949 मध्ये झालेल्या जिनिव्हा करारातही सामूहिक शिक्षेला मनाई आहे, कलम 33. तो करार शाळेला लागू होत नाही, पण तत्त्व तेच आहे.

सरांशी भर वर्गात वाद घालू नकोस. तास संपल्यावर तू आणि आणखी एक जण जा. काय घडलं, कुणाचं नुकसान झालं, आणि त्याऐवजी काय करता येईल, हे चार ओळींत लिहून द्या. खडू फेकणाऱ्यांची नावं लिहायची गरज नाही. 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य वजन मिळण्याचा हक्क दिला आहे. तो नम्रपणे वापर.

प्रश्न : निवडणूक, कर, अनुदान असे विषय निघाले की वर्ग तापतो. पालक फोन करतात. “सर, तुमचं मत कोणाला?” असं मुलं विचारतात. असे विषय टाळावेत का?
— एक शिक्षक

उत्तर : टाळू नका. हे विषय टाळले तर नागरिकशास्त्रात फक्त पदांची आणि मुदतींची यादी उरते.

जर्मनीत 1976 साली बॉयटल्सबाख इथे राजकीय शिक्षणाच्या तज्ज्ञांची बैठक झाली. तिच्यातून निघालेली सूत्रं आजही तिथल्या शिक्षकांना मार्गदर्शक आहेत. शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. आणि आपलं हित कशात आहे हे ओळखून त्यासाठी काय करता येईल, याचा विचार करायला मुलांना समर्थ करायचं.

दुसऱ्या सूत्राचा अर्थ सगळंच वादग्रस्त मानायचं असा घेऊ नका. कर किती असावा यावर वाद होतो. कराशिवाय सरकारी शाळा चालते का, यावर होत नाही. हा फरक तासाच्या सुरुवातीलाच सांगा. तुमचं मत कोणाला, यावर “मतदान गुप्त असतं” एवढं उत्तर पुरे, आणि ते अभ्यासक्रमातलंच आहे.

पालकांना वर्षाच्या सुरुवातीला पत्र द्या. कोणते विषय चर्चेला येतील आणि गुण कशाला मिळतील, ते त्यात स्पष्ट लिहा. मी बाजूला गुण देत नाही, पुराव्याला देते. शिवाय प्रत्येकाला विरुद्ध बाजू एका परिच्छेदात लिहावी लागते, आणि त्या बाजूच्या वर्गमित्रानं वाचून “हो, मला हेच म्हणायचं होतं” अशी सही केल्याशिवाय तो परिच्छेद मी तपासायला घेत नाही. सही मिळेपर्यंत कधी कधी तीनदा लिहावं लागतं. लिहू द्या, त्यासाठी मुदत वाढवून द्या.